तेरावा खळगा

शनिवारच्या बाजारातून आर्मेल निघाली तेव्हा तिच्या पिशवीत एक लांब पाव होता, चार लिंबं होती, दोन डझन कालवं होती आणि सगळ्यांच्या वर, फलालीनच्या फडक्यात गुंडाळलेलं एक लाकडी तबक होतं. कालवं सासूबाईंसाठी, तबक मस्यू ओनेझिमसाठी. दोन्हींपैकी काय पडलं तर जास्त आरडाओरडा होईल, याचा विचार करत ती ला रोशेल या फ्रेंच बंदरगावाच्या कमानींखालून चालली होती.

तबकात तेरा खळगे होते. बारांमध्ये नाणी होती. तेरावा रिकामा होता.

या नाण्यांना दुझाँ म्हणतात. साडेचारशे वर्षांपूर्वीच्या राजाची, पण थाट राजाचा नाही. हीणकस चांदी, म्हणजे चांदी नावाला, बाकी तांबं. वर मुकुट, खाली ढाल, ढालीच्या दोन्ही अंगांना चंद्रकोरी, आणि तळाशी एच हे बारीक अक्षर, म्हणजे याच गावच्या टांकसाळीतलं. "लोकांच्या सुना सोन्यानं मढतात," लग्नाच्या जेवणात सासूबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा कुजबुजीत म्हणाल्या होत्या, "आमच्या चिरंजीवांनी बायकोला काळे बिल्ले दिले."

देण्याची रीत मात्र जुनी. नवऱ्यानं नवरीच्या ओंजळीत तेरा नाणी घालायची, पाद्र्यानं त्यांवर पाणी शिंपडायचं. हल्ली फारसं कोणी करत नाही. केलंच तर सोनाराकडून चकचकीत बिल्ल्यांची डबी आणतात. मेदेरिकनं खरी आणली होती. बारा त्याला एकदम मिळाली; एक जुनं घर पाडताना चुलीखाली मातीचं भांडं सापडलं, त्यात होती. बाराही नाण्यांच्या काठावर, मुकुटाच्या डाव्या अंगाला, नखानं ओढल्यासारखी एकच एक चीर. तिथून तो तेराव्याच्या मागे लागला, तो सात वर्षं.

आर्मेल त्याच्या आयुष्यात आली पाचव्या वर्षी. पुढची दोन वर्षं तिनं वाट पाहिली. तिला वाटत होतं, बिचारा मनाची तयारी करतोय. मग एक दिवस रे बेटावरच्या एका मच्छीमाराच्या जाळ्यातून आलेला दुझाँ त्याच्या हाती लागला. समुद्रानं खाल्लेला, भोकाभोकांचा, पण काठावर तीच चीर. मेदेरिक धावत तिच्या दारात आला आणि म्हणाला, "तेरावं सापडलं! आता लग्न करूया." आपण एका नाण्यापायी खोळंबलो होतो हे आर्मेलला तेव्हा कळलं. ती रागावणार होती, पण त्याचा चेहरा इतका उजळला होता की राहूनच गेलं.

जूनमध्ये लग्न झालं. सप्टेंबरात मेदेरिक जहाजावर गेला. समुद्राच्या तळाशी तारा टाकणाऱ्या जहाजावर तो इंजिनं सांभाळायचा. अडीच महिने पाण्यावर, दीड महिना घरी. निघताना धक्क्यावर त्यानं खिशातून तेरावं नाणं काढून दाखवलं.

"हे कशाला नेतोस?"

"परत यायला निमित्त. खळगा रिकामा ठेवून कुठलाही संग्राहक मरत नाही. एवढं माहीत नाही तुला?"

तिनं त्याच्या दंडावर चापट मारली होती. तो भरीव, जडशीळ दंड तिच्या तळहाताला अजून आठवत होता. रात्री त्याच्या बाजूची गादी सपाट राहायची, आणि उताराची सवय झालेली ती मधोमध घरंगळायची थांबली होती.

मस्यू ओनेझिम म्हणजे गावातल्या नाणेसंग्राहकांचे भीष्माचार्य म्हणावे असे गृहस्थ. पूर्वी औषधांचं दुकान चालवायचे. दुकान गेलं, काचेच्या पेटीतला तराजू राहिला. मेदेरिकला संग्राहकांच्या मंडळाच्या पत्रिकेत या नाण्यांवर चार ओळी लिहायच्या होत्या आणि नेमकी वजनं करायची राहिली होती, म्हणून आर्मेलची ही फेरी.

"या, मेदेरिकच्या सौभाग्यवती! कालवं मला आणलीत?"

"सासूबाईंना."

"वाटलंच. म्हाताऱ्याला तांबं आणि सासूला मोती." ते हसले, चष्मा चढवला, चिमट्यानं पहिलं नाणं उचलून पारड्यात ठेवलं. "दोन ग्रॅम चौसष्ट." दुसरं ठेवलं. "दोन चौसष्ट." तिसरं. चौथं. सातव्याला त्यांनी चष्मा पुसला. बारावं झाल्यावर ते खुर्चीत मागे टेकले.

"पोरी, हातोड्यानं ठोकलेली नाणी अशी नसतात. एक जड, एक हलकं. हिनं मात्र केसाएवढा फरक ठेवलेला नाही."

"हिनं म्हणजे?"

"पेरेतनं. ही चीर तिची. टांकसाळीत कोऱ्या चकत्या तोलायच्या, जड निघाली तर कानशीनं घासून बरोबरीला आणायची, हे काम बायकांचं. वाटेल त्या बायकांचं नाही हं. टांकसाळवाल्यांच्या लेकींचं. रक्तानं मिळणारा हक्क. आपल्या लग्नाची तेरा नाणी तिनं आपल्याच हातानं तोलली, असं आमच्यात सांगतात. नवरा कॉड मासे धरायला समुद्रापलीकडच्या थंड किनाऱ्यावर जायचा. लग्नानंतर गेला तो एक नाणं घेऊन गेला…" ते बोलता बोलता थांबले. तबकाकडे बघितलं. "तुमचं तेरावं कुठंय?"

"मेदेरिककडे."

"जहाजावर?"

"परत यायला निमित्त म्हणून."

चिमटा हवेतच राहिला. मग मस्यू ओनेझिमनी बाराही नाणी एकेक करून जागेवर ठेवली, आणि त्यानंतर त्यांनी एकही विनोद केला नाही. दारात फक्त एवढंच म्हणाले, "धुऊबिऊ नकोस हं यांना. नाणं धुणं म्हणजे आईचा फोटो ब्रशनं घासणं."

"मी घरातली भांडीसुद्धा नाइलाजानं धुते, मस्यू."

तबक स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या खणात असायचं. कपाटासमोर टेबल, टेबलाला लागून बाक. मेदेरिकच्या आजोबांनी फुटक्या होडीच्या फळ्यांचा केलेला तो बाक म्हणजे घरातला चुगलखोर. कोणीही बसलं की कुरकुरायचा. मांजर बसलं तरी एकदा कण्हायचा. या बाकावर बसून कोणी चोरून लोणी खाल्लंय असं तीन पिढ्यांत झालं नव्हतं. मेदेरिक बसला की तो तर असा काही आक्रोश करायचा की शेजारची बाई भिंतीवर ठोकून विचारायची, "आला का गं?"

एक नोव्हेंबरला, सर्व संतांच्या सणाला, सासूबाई घरच्यांच्या थडग्यांवर शेवंतीच्या कुंड्या ठेवून आल्या, बाकाला कण्हायला लावून बसल्या आणि नाक वर करून म्हणाल्या, "कसला वास येतोय? द्राक्षाची दारू आंबली का कुठं?"

वास आर्मेललाही आला होता. आंबट, खारट, तापलेल्या धातूचा. दोन दिवसांपासून येत होता, दिवस कलायला लागला की. पाचच्या सुमाराला खिडकीबाहेर धुकं उतरायचं, बंदरातल्या शिडांच्या दोऱ्या डोलकाठ्यांवर टकटकायच्या, आणि त्या टकटकीच्या आत, अगदी जवळ, दुसरा एक आवाज असायचा. खर्र… खर्र… मग थांबणं. मग टिक्, पारडं टेकल्यासारखं. पुन्हा खर्र…

उंदीर असेल, असं तिनं ठरवलं होतं. ठरवलं की बऱ्याच गोष्टी तशा होतात.

"आणि वाळलीस किती गं," सासूबाई तिचं मनगट चाचपत म्हणाल्या. "नवरा जहाजावर गेला की पहिल्या वर्षी असं होतं. मी आठ किलो उतरले होते. पुढं दर खेपेला मेला लवकर जावा असं वाटायचं. लोणी खा."

त्या गेल्यावर आर्मेलनं खण उघडला. खळग्यांच्या कडेनं राखाडी, पिठासारखी बारीक पूड सांडली होती. आणि नाणी पांढरी झाली होती.

पूर्ण नाहीत. पण जिथं मुकुट झिजून तांबडा दिसायचा तिथं दुधाची साय धरावी तशी चांदी वर आली होती. मेदेरिकनंच तिला एकदा सांगितलं होतं: ठोकायच्या आधी या चकत्या काळ्या असायच्या, दारूच्या पिंपात तळाशी बसणारा आंबट क्षार आणि मीठ घालून उकळल्या की असेल नसेल ती चांदी पृष्ठावर यायची. तो वास असा असणार.

दर रविवारी जहाजावरून फोन यायचा. आठ मिनिटं. आवाज मागेपुढे व्हायचा, त्यामुळे दोघंही एकदम बोलायची आणि एकदम गप्प व्हायची.

"खळगा कसा आहे?" मेदेरिक विचारायचा.

"रिकामा."

"आणि तू?"

"मीही."

त्यावर तो हसायचा आणि तेवढ्यात आठ मिनिटं संपायची. नाण्यांबद्दल ती काही बोलली नाही. एवढ्या लांबून माणसाला काय सांगायचं, की तुझी नाणी तरुण होताहेत?

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मात्र ती तबक घेऊन मस्यू ओनेझिमकडे गेली. त्यांनी फडकं उलगडलं आणि त्यांचा चेहराच बदलला.

"घासलीस?"

"नाही."

"खोटं बोलू नकोस! मेदेरिकच्या सात वर्षांवर बोळा फिरवलास! टूथपेस्ट लावलीस का? सगळ्या नव्या नवऱ्या तेच करतात, नवऱ्याला खूश करायला म्हणून…"

"मस्यू," आर्मेल हळू म्हणाली, "वास घ्या."

त्यांनी नाणं नाकाशी नेलं. मग तराजू पुढे ओढला. "दोन एक्केचाळीस," ते म्हणाले. दुसरं. "दोन एक्केचाळीस." बाराही. घासून घासून हलकी केलेली, आणि तरीही एकमेकांच्या तंतोतंत बरोबरीची. कुठल्याही आधुनिक बाईच्या टूथपेस्टला हे जमण्यासारखं नव्हतं.

"कुणाच्या बरोबरीला आणतेय ती यांना?" आर्मेलनं विचारलं.

म्हाताऱ्यानं उठून दोन लहान पेल्यांत पिनो, म्हणजे इथली गोड द्राक्षदारू, ओतली आणि एक पेला तिच्यापुढे सरकवला.

"त्या दिवशी मी अर्धं सांगितलं. तिनं नवऱ्याकडून वचन घेतलं होतं. ती म्हणाली होती, नाणं तुझ्या हातात परत आलं तर तू आलास. नुसतं नाणं आलं, तर मी वाट बघणार नाही… ते जहाज परत आलंच नाही, पोरी. नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी शेजारणीनं पेरेतला धक्क्यावर पाहिलं. मुठीतलं काहीतरी पाण्यात टाकत होती. पटकन्, कुणी बघायच्या आत. त्या रात्रीपासून ती दोन ताटल्या मांडायला लागली."

"दुःखानं."

"सगळ्यांना तसंच वाटलं. पण शेजारीण म्हणायची, बाई सुखात दिसते. अकरा वर्षं दोन ताटल्या. मेली तेव्हा शवपेटी उचलायला चौघं आले." त्यांनी पेला संपवला. "एकच पुरला असता, म्हणतात. काखेत मारून नेता आली असती."

आर्मेल उठली. त्यांनी तिचा हात धरला; थंड, हाडकुळा हात, पण त्यात माया होती. "जन्मभर मी रिकामे खळगे भरायच्या मागे धावलो. पहिल्यांदाच कुणाला सांगतोय… तो खळगा रिकामा राहू दे, असं मनात म्हणत जा."

ती म्हणत गेली. सकाळी उठली की आधी खण. रिकामा. फुलकोबी चिरता चिरता हात पुसून, खण. रिकामा. तिला स्वतःचंच हसू यायचं. नवऱ्यानं सात वर्षं ज्यासाठी जीव टाकला त्या भोकाची ती राखण करत होती. रात्री त्याच्या उशीला पाठ लावून झोपायची. उशीवर सकाळी बारीक राखाडी पूड असायची, ती झटकायची. उंदीर, असं आता ती म्हणत नव्हती.

तो गुरुवारी यायचा होता. जहाज ब्रेस्टला लागणार, तिथून गाडी, संध्याकाळी साडेपाचपर्यंत घरी. मंगळवारी वादळ आलं. बुधवारी फोन लागला नाही. वादळात लागत नाही, कंपनीतल्या बाईनं सांगितलं; मग "थोडं थांबा हं" म्हणाली, आणि मग पुन्हा, जरा वेगळ्या आवाजात, वादळात लागत नाही म्हणाली.

गुरुवारी आर्मेलनं त्याच्या आवडीचा माशांचा रस्सा पांढरी वाइन घालून मंद आचेवर ठेवला. तीन वाजता खण उघडला. रिकामा. साडेतीनला उघडला.

तेरावा खळगा भरलेला होता.

भोकाभोकांचा, समुद्रानं खाल्लेला दुझाँ. ओला. भोकांतून पाणी झिरपून फलालीनवर गोल डाग पसरत होता आणि काठावरच्या चिरेत शेवाळाचा एक हिरवा धागा अडकला होता. बाजूची बारा नाणी पांढरीशुभ्र, कागदासारखी पातळ, कालच टांकसाळीतून आल्यासारखी.

ती किती वेळ उभी होती कोण जाणे. रस्सा उतू जायला लागला तेव्हा तिनं आच कमी केली. मग नाणं उचललं. बर्फासारखं गार. अंगावर शाल घेतली, दार ओढलं आणि ती बंदराकडे चालू लागली.

भरतीची वेळ होती. धक्क्याच्या पायऱ्या पाण्यानं गिळल्या होत्या. दोन म्हातारे गळ टाकून बसले होते, त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. नुसतं नाणं आलं, तर मी वाट बघणार नाही. पण हे वचन पेरेतनं घेतलं होतं. आर्मेलनं कुणाकडूनच काही घेतलं नव्हतं. नाणं आलंय हे फक्त तिला ठाऊक होतं. आणि तिला ठाऊक नसेल, तर ते आलंच नव्हतं.

तिनं मूठ उघडली. पटकन्, कुणी बघायच्या आत. हात झटकताना लग्नाची अंगठीही बोटावरून घसरायला लागली, ती तिनं कशीबशी वरच्या पेरावर धरली. पाण्यावर साधा तरंगही उठला नाही.

घरी येऊन तिनं टेबल पुसलं. दोन ताटल्या मांडल्या, दोन चमचे, पाव. खण लोटून बंद केला. धुकं उतरलं. आंबट, खारट वास आला आणि आज तिला तो वाईट वाटला नाही. एखाद्या बाईच्या ओल्या पदराचा वास असावा तसा, घरातलाच वाटला.

सहाला दहा कमी असताना दारात किल्ली फिरली.

"केवढं धुकं!" मेदेरिक म्हणाला. केसांतून पाणी निथळत होतं. ती त्याच्या गळ्यात पडली. तो गार होता, पण तोच होता. कानामागचा तीळ, दाढीची खरखर, तिचं नाव अर्धवट तोडून हाक मारायची पद्धत. "आर्म… अगं, पडेन ना मी."

"गाडीला गर्दी होती?"

"गाडी…" तो आठवल्यासारखं करू लागला. "काय माहीत. चालत आल्यासारखंच वाटतंय. रस्सा केलायस?"

"केलाय."

"एक सांगू? रागावू नकोस." त्यानं खिसे उलटे करून दाखवले. एका खिशातून चमचाभर वाळू पडली. "तेरावं कुठंतरी पडलं. सगळीकडे शोधलं. खळगा रिकामाच राहिला बघ."

"राहू दे," आर्मेल म्हणाली. "रिकामाच बरा दिसतो."

तो टेबलाशी गेला आणि बाकावर बसला.

बाकानं हूं की चूं केलं नाही.

आर्मेल डाव हातात धरून उभी होती. शेजारच्या भिंतीकडे तिनं एकदा पाहिलं. कुणी ठोकलं नाही. मेदेरिक पाव तोडत होता, तिच्याकडे बघून हसत होता, आणि त्याचा चेहरा तसाच उजळला होता, तेरावं सापडल्याच्या दिवशीसारखा. तिनं त्याची ताटली भरली. स्वतःची भरली. खर्र… खर्र… आवाज आता खणातून येत नव्हता. अगदी तिच्या मनगटाशी होता, मऊ, न दुखवणारा, वेणी घालताना आईचा हात फिरावा तसा. टेबलावरच्या कापडावर, तिच्या बाहीखाली, राखाडी पुडीची बारीक रेघ साचत होती. टिक्, कुठंतरी पारडं टेकलं.

"बस ना," मेदेरिक म्हणाला. "दमली असशील."

अडीच महिन्यांत तिला कुणी असं म्हटलं नव्हतं. ती टेबलाला वळसा घालून गेली आणि त्याच्याजवळ, दंडाला दंड लागेल अशी, बाकावर बसली.

बाक गप्पच राहिला.